गाण्याच्या पैशातून घेतलेले रान : इयन टायसन यांच्या परतीचा प्रकरण अभ्यास

मराठीत ‘वेस्टर्न म्युझिक’ म्हटले की आपल्यासमोर पियानो, व्हायोलिन आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत उभे राहते, नाहीतर सरसकट सगळी इंग्रजी गाणी. या लेखातले ‘वेस्टर्न’ त्याहून फार अरुंद आणि नेमके आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या आणि त्यापलीकडच्या कुरणांवर घोड्यावर बसून गुरे राखणाऱ्या काउबॉय लोकांचे ते संगीत आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर कळप बुजू नये म्हणून हलक्या आवाजात म्हटलेली गाणी, घोड्याच्या चालीशी जुळणारी संथ लय, वादळात गेलेल्या सोबत्यांच्या कथा आणि घोड्यांची नावे हे त्याचे मूळ भांडवल होय. एके काळी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असा जोडशब्द रूढ होता. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९६२ मध्ये आपल्या लोकप्रियतेच्या यादीच्या नावातून ‘वेस्टर्न’ हा शब्द वगळला आणि फक्त ‘कंट्री’ ठेवला. बाजाराने या संगीताला दिलेल्या जागेचा तो नेमका हिशेब होता. नॅशव्हिलमध्ये तयार होणारे कंट्री संगीत रेडिओवर वाढत गेले आणि गुराख्यांची गाणी जुन्या चित्रपटांच्या आठवणीत जमा झाली.

अशा काळात कॅनडाचे एक नामवंत गीतकार मोठ्या शहरांतले गाणे सोडून अल्बर्टा प्रांतातल्या कुरणात परतले आणि पन्नाशी उलटल्यावर, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराविना, याच मोडीत निघालेल्या संगीताची ध्वनिमुद्रिका काढून यशस्वी झाले. इयन टायसन हे त्यांचे नाव. ‘माणूस घरी परतला आणि खरे गाऊ लागला’ अशा भावुक वाक्यात ही गोष्ट नेहमी गुंडाळली जाते. त्या वाक्यात न मावणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे गाण्याचे अर्थकारण आणि गाणे ऐकणाऱ्यांचा धंदा. माझ्या मते या प्रकरणाचे सगळे मर्म या दोन गोष्टींत आहे.

घर कोणते?

टायसन यांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ रोजी ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया येथे झाला. हे शहर व्हँकुव्हर बेटावर, समुद्राकाठी आणि पुष्कळसे इंग्रजी वळणाचे आहे. गुरांच्या कुरणांशी त्याचा फारसा संबंध नाही. म्हणजे रूढ अर्थाने टायसन ‘गावी’ परतलेच नाहीत. लहानपणी विल जेम्स या लेखक-चित्रकाराच्या घोड्यांच्या गोष्टींनी त्यांना वेड लावले होते. गंमत अशी की, अमेरिकन पश्चिमेचा अस्सल काउबॉय म्हणून गाजलेले हे विल जेम्स मुळात क्वेबेकमधल्या फ्रेंच भाषक कुटुंबात जन्मलेले होते आणि त्यांनी आपले पश्चिमेतले आयुष्य अक्षरशः निवडून घेतले होते. टायसन यांनीही तेच केले. तरुणपणी ते रोडिओत, म्हणजे उधळलेल्या घोड्यांवर बसण्याच्या स्पर्धांत, उतरले. अल्बर्टातल्या डॉगपाउंड येथील रोडिओत पडून त्यांचा घोटा मोडला आणि कॅल्गरीच्या रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी गिटार हाती घेतली. त्यांच्या पुढच्या साऱ्या प्रवासाचे बीज त्या खाटेवर आहे, कारण गाणे आणि घोडा या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकाच मुलखात, एकाच अपघाताने जोडल्या गेल्या. पुढे वीस वर्षांनी ते परतले ते याच मुलखात, जन्मगावी नव्हे.

१९५८ मध्ये व्हँकुव्हरच्या कलाशाळेतून पदविका घेऊन ते टोरांटोला गेले आणि व्यावसायिक चित्रकार म्हणून काम करू लागले. तिथे त्यांची गाठ सिल्व्हिया फ्रिकर या गायिकेशी पडली आणि ‘इयन अँड सिल्व्हिया’ ही जोडी जन्माला आली. पुढे बॉब डिलन यांचेही काम पाहणाऱ्या अल्बर्ट ग्रॉसमन यांनी त्यांचे व्यवस्थापन स्वीकारले, १९६२ मध्ये व्हॅनगार्ड कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि न्यूयॉर्कच्या लोकसंगीताच्या लाटेत ही जोडी अग्रभागी गेली. १९६४ मध्ये दोघांनी लग्न केले.

दोन गाणी आणि त्यांचा हिशेब

टायसन यांनी लिहिलेले पहिले गाणे ‘फोर स्ट्राँग विंड्स’. डिलन यांचे एक नवे गाणे ऐकल्यावर आपणही लिहू शकतो असे त्यांना वाटले आणि ग्रॉसमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या घरात बसून त्यांनी ते थोडक्या वेळात लिहिले, असे ते सांगत. १९६३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गाण्यातला माणूस हंगामी मजूर आहे. प्रेम तुटत आले आहे आणि तो कामाच्या शोधात अल्बर्टाकडे निघाला आहे. न्यूयॉर्कच्या खोलीत बसलेल्या माणसाने पहिल्याच गाण्यात आपल्या नायकाला अल्बर्टाकडे पाठवले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसरे गाणे ‘समडे सून’. रोडिओतल्या घोडेस्वाराच्या प्रेमात पडलेली मुलगी ते गाते. तो बेभरवशाचा आहे हे तिला ठाऊक आहे, वडिलांचा विरोधही ठाऊक आहे, तरी ती त्याच्यामागे जाणार आहे.

ही गाणी इयन आणि सिल्व्हिया यांच्या आवाजात तर गाजलीच, पण त्यांचे खरे आयुष्य इतरांच्या गळ्यात गेले. कंट्री गायक बॉबी बेअर यांनी ‘फोर स्ट्राँग विंड्स’ गायले आणि ते अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या दहांत गेले. जूडी कॉलिन्स यांनी १९६८ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत ‘समडे सून’ घेतले. १९९१ मध्ये सूझी बॉगस यांनी ते पुन्हा लोकप्रिय केले. नील यंग यांनी १९७८ च्या ‘कम्स अ टाइम’ या ध्वनिमुद्रिकेत ‘फोर स्ट्राँग विंड्स’ गायले. जॉनी कॅश यांच्या निधनानंतर २००६ मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रिकेतही ते आहे.

इथे थोडे थांबून पैशाकडे पाहिले पाहिजे, कारण कलावंतांच्या चरित्रांत हा भाग नेहमी झाकला जातो. गाण्याचा गायक आणि गाण्याचा लेखक या दोघांची मिळकत वेगवेगळ्या वाटांनी येते. गायकाला कराराप्रमाणे विक्रीतला वाटा मिळतो आणि त्यातून बहुधा आधी ध्वनिमुद्रणाचा खर्च वळता होतो. लेखकाला मात्र, गाणे कोणीही गायले तरी, ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागे ठरावीक रक्कम देय असते आणि रेडिओवर वाजल्याचे मानधन त्याखेरीज वेगळे मिळते. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने प्रतीमागे गाण्याला दोन सेंट असा दर ठरला होता आणि तो जवळजवळ सत्तर वर्षे तसाच राहिला. १ जानेवारी १९७८ पासून तो पावणेतीन सेंट झाला. पूर्ण दराने हिशेब केला, तर पाच लाख प्रती खपलेल्या ध्वनिमुद्रिकेतल्या एका गाण्याचे १३,७५० डॉलर होतात आणि त्यातला निम्मा भाग सामान्यतः प्रकाशकाकडे जातो. रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण ती लेखकाला काहीही नवे न करता, घरबसल्या मिळते, आणि गाणे पुन्हा कोणी गायले की पुन्हा मिळते.

नील यंग यांच्या ध्वनिमुद्रणातून आलेल्या रॉयल्टीमुळे रँच, म्हणजे गुरे-घोडे पाळण्याचे मोठे रान, घ्यायला हातभार लागला, असे टायसन यांनी स्वतः सांगितले आहे. वरचा हिशेब पाहता एका गाण्यावर सगळी जमीन आली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांच्यामागे पाच वर्षांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची कमाईही होती. महत्त्व आहे ते पैसा आला त्या वेळेला. गायक म्हणून त्यांची मागणी सर्वांत कमी होती, नेमक्या त्याच काळात पंधरा वर्षांपूर्वीच्या एका दुपारचे लेखन फळाला आले. स्वतंत्रपणे गाण्याचा निर्णय त्यांनी १९८० च्या दशकात घेतला खरा, पण त्याची किंमत १९६३ मध्येच भरून ठेवलेली होती.

मराठी गीतकारांच्या दृष्टीने हा मुद्दा दूरचा नाही. आपल्याकडे दीर्घ काळ गीतकाराने एकरकमी मानधन घेऊन गाण्यावरचा हक्क निर्मात्याला देऊन टाकण्याची रीत होती. २०१२ मध्ये भारतीय कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क आला आणि तो करारानेही सोडून देता येत नाही. त्याआधी लिहिलेल्या कित्येक अजरामर मराठी गाण्यांच्या लेखकांना, गावी परतून निवांत लिहावे म्हटले असते, तरी त्यासाठी गाण्यांतून पैसा आला नसता. हे मला फार लागते.

परतीची वाट सरळ नव्हती

१९६० च्या दशकाच्या अखेरीस लोकसंगीताची लाट ओसरली. टायसन दांपत्याने ‘ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ हा वाद्यवृंद काढून कंट्री आणि रॉक यांचा मेळ घालून पाहिला. काळाच्या थोडा पुढचा हा प्रयोग होता. त्याच्या वाट्याला चांगली समीक्षा आली, पण ग्राहक आला नाही. १९७० ते १९७५ या काळात कॅनडाच्या सीटीव्ही वाहिनीवर टायसन यांचा साप्ताहिक संगीत कार्यक्रम चालला. कार्यक्रम बंद झाला, त्याच सुमारास विवाहही संपला. १९७३ आणि १९७८ मध्ये त्यांनी रूढ कंट्री वळणाच्या दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. नॅशव्हिलच्या बाजारात त्यांनी फारशी खळबळ केली नाही.

मग ते अल्बर्टाला आले आणि तेही गायला नाही. दक्षिण अल्बर्टातल्या पिंचर क्रीक परिसरात एका रँचवर त्यांनी काउबॉय म्हणून काम धरले. चाळिशी ओलांडलेला, देशभर ओळखला जाणारा गायक सकाळी खोगीर कसून गुरांमागे जात होता, कुंपणे दुरुस्त करत होता. पुढे लाँगव्ह्यू या गावाजवळ त्यांनी स्वतःची रँच घेतली आणि ते कटिंग जातीच्या स्पर्धांचे घोडे तयार करू लागले. या खेळात स्वार कळपात शिरून एकच जनावर निवडून बाहेर काढतो आणि मग लगाम सैल सोडतो. ते जनावर कळपाकडे पळू पाहते आणि घोडा आपल्या बुद्धीने, डावी-उजवी झेप घेत, त्याची वाट अडवतो. स्वाराचे कौशल्य हात न लावण्यात असते. टायसन यांनी या खेळात बरीच वर्षे घालवली आणि संगीताइतकेच त्याला गंभीरपणे घेतले.

लाँगव्ह्यू हे कॅल्गरीच्या दक्षिणेला सुमारे तासाभराच्या अंतरावर, तीनशे वस्तीचे गाव आहे. पश्चिमेला रॉकीची भिंत, मधे गवताळ टेकड्या. हिवाळ्यात याच भिंतीवरून चिनुक नावाचा कोरडा, उबदार वारा उतरतो आणि काही तासांत गोठलेल्या रानाचा बर्फ वितळू लागतो. तो येण्याआधी पश्चिम क्षितिजावर ढगांची एक लांब कमान उभी राहते. कमानीच्या वर करडे आभाळ आणि तिच्याखाली निळी, मोकळी पट्टी. पाहणाऱ्याला कळते की आता गुरांना थोडे दिवस उघडे गवत मिळेल. टायसन यांनी आपल्या वाद्यवृंदाला ‘चिनुक आर्च रायडर्स’ हे नाव दिले ते या कमानीवरून. परक्याला ते नाव नुसते काव्यमय वाटते, तर तिथल्या गुरेवाल्याला त्यात चाऱ्याचा अंदाज ऐकू येतो.

या काळात ते कॅल्गरीच्या रँचमन्स या नाचगाण्याच्या मोठ्या बारमध्ये गात. नाचायला आलेल्या गर्दीसाठी रोज तासन्तास गाणे हे दूरचित्रवाणीनंतरच्या माणसाला खाली उतरल्यासारखे वाटू शकते. पण त्या गर्दीत खरे रँचवाले, घोड्यांचे व्यापारी, रोडिओचे स्वार होते. आपण ज्यांच्याबरोबर दिवसा गुरे हाकतो, त्यांच्यासाठी रात्री कोणती गाणी म्हणावीत, हा प्रश्न त्यांच्यासमोर तिथे उभा राहिला असणार.

कंपनीविना ध्वनिमुद्रिका

१९८३ मध्ये त्यांनी ‘ओल्ड कोरॅल्स अँड सेजब्रश’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत जुनी काउबॉय गाणी होती आणि त्यांच्याच वळणाची काही नवी. ती कोलंबिया या मोठ्या कंपनीच्या कॅनडा शाखेमार्फत निघाली आणि पुढल्या वर्षीची ध्वनिमुद्रिकाही तशीच. म्हणजे टायसन एका झटक्यात स्वतंत्र झाले नाहीत. त्यांनी आधी आशय बदलला आणि कंपनीची चौकट त्यानंतर सुटली. माझ्या मते हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ कलावंत आधी कंपनी सोडतात आणि मग काय गावे याचा विचार करतात.

जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातल्या एल्को या गावात काउबॉय कवींचा पहिला मेळावा भरला. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या राज्यांतून गुराखी कवी शोधून आणले होते. हिवाळ्याच्या त्या दिवसांत रँचवर काम कमी असते म्हणून मेळाव्याची तारीखही त्यांच्याच सोयीने ठरलेली होती. आपापल्या कोपऱ्यात, घरच्यांपुढे कविता म्हणणाऱ्या त्या माणसांना आपल्यासारखे इतके जण आहेत हे प्रथमच कळले. टायसन या मेळाव्यांशी जोडले गेले आणि तिथले सर्वांत लाडके गायक ठरले. रेडिओला जो श्रोता दिसत नव्हता तो इथे खुर्चीवर बसलेला होता. त्याला गाण्यातला प्रत्येक शब्द कळत होता आणि एखादा चुकला असता तर तोही कळला असता.

१९८६ मध्ये ‘काउबॉयोग्राफी’ निघाली ती ‘ईस्टर्न स्लोप’ या छोट्या, स्वतंत्र छापाखाली. नावातली पूर्वेकडची उतरण म्हणजे रॉकीची अल्बर्टाकडची बाजू. पुढे एडमंटनच्या स्टोनी प्लेन रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीने ती हाती घेतली आणि टायसन यांची त्यानंतरची बहुतेक सारी ध्वनिमुद्रणे तिच्यामार्फतच निघाली. या एका ध्वनिमुद्रिकेने कॅनडात प्लॅटिनमचा, म्हणजे त्या काळच्या मोजमापाने एक लाख प्रतींचा, टप्पा ओलांडला आणि १९८७ मध्ये टायसन यांना कंट्री गायकाचा जूनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कार मिळाला. कॅनडाच्या प्रसारण नियामक मंडळाने १९७१ पासून एएम रेडिओवर किमान ३० टक्के कॅनेडियन संगीत वाजवण्याची अट घातली होती आणि तिचा तिथल्या गायकांना एकूणच फायदा झाला. पण गुरांच्या गाण्यांचा एक लाखाचा खप केवळ या अटीमुळे झाला असे म्हणता येणार नाही.

मग कशामुळे झाला? तीतली गाणी जवळून पाहिली की काही उलगडा होतो. ‘नवाहो रग’ हे टॉम रसेल यांच्यासह लिहिलेले गाणे रस्त्याकडेच्या एका खानावळीतल्या प्रेमाचे आहे. तिथली न्याहारी, भिंतीवरचा विणलेला गालिचा आणि नंतर जळून गेलेली ती जागा एवढ्या वस्तूंवर ते उभे आहे. त्यात घोडा नाही की कळप नाही, तरी ते वेस्टर्न आहे, कारण तसल्या लांबच लांब रस्त्यांवर खानावळ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. ‘द गिफ्ट’ हे माँटानाचे चित्रकार चार्ली रसेल यांच्यावरचे गाणे आहे. इथे टायसन यांच्यातला कलाशाळेचा विद्यार्थी दिसतो. आणि तिसरे, ‘समर वेजेस’. हंगामी मजुरीच्या पैशाचे हे गाणे मुळात इयन आणि सिल्व्हिया यांनी १९६७ मध्ये गायले होते. तरुण आवाजात ते जुगारात हरलेल्या पोराची हळहळ वाटते. १९८६ च्या ध्वनिमुद्रणात चाल तीच, शब्द तेच, पण गाणारा माणूस आता स्वतः कामावर माणसे ठेवणारा, हंगाम पाहिलेला आहे, आणि तेच गाणे एखाद्या जाणत्याने नव्या पोराला सांगावे तसे ऐकू येते. या दोन्ही आवृत्त्या मी पाठोपाठ पुष्कळदा ऐकल्या आहेत; परतण्याने टायसन यांच्या गाण्याचे काय केले, हे मला त्यातून सर्वांत स्पष्ट समजले.

शब्दांच्या नेमकेपणाचे आणखी एक उदाहरण देतो. १९९४ च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘एटीन इंचेस ऑफ रेन’ असे आहे. अठरा इंच पाऊस म्हणजे सुमारे ४५७ मिलिमीटर. शहरातल्या श्रोत्याला हा नुसता आकडा आहे. कोरड्या कुरणावर गुरे पाळणाऱ्याला ते सुखी वर्षाचे माप आहे. माणदेशातल्या वाचकाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

ज्यांना वेगळी वाट मिळाली

टायसन यांची वाट एकमेव नव्हती. वायोमिंगचे क्रिस लेडू हे १९७६ चे बेअरबॅक, म्हणजे बिनखोगिराच्या, घोडेस्वारीचे विश्वविजेते होते. त्यांनी रोडिओच्या मैदानांवर स्वतःच्या कॅसेटी विकल्या आणि आईवडिलांनी चालवलेल्या घरगुती कंपनीतून वीसहून अधिक ध्वनिमुद्रिका काढल्या. १९८९ मध्ये गार्थ ब्रुक्स यांच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात त्यांचे नाव आले, तेव्हा कुठे मोठी कंपनी त्यांच्याकडे वळली. लेडू यांना परतावे लागलेच नाही, कारण ते कधी गेलेच नव्हते. याउलट टेक्ससचे मायकल मार्टिन मर्फी हे १९७० च्या दशकातले यशस्वी गीतकार-गायक. त्यांनी १९९० मध्ये काउबॉय गाण्यांची ध्वनिमुद्रिका वॉर्नर या बड्या कंपनीकडूनच काढली आणि तिच्या यशानंतर त्या कंपनीने वेस्टर्न संगीतासाठी वेगळा छापही सुरू केला. एका अर्थी टायसन या दोघांच्या मधे उभे आहेत. लेडूंपाशी श्रोते होते, पण इतरांनी गावीत अशी जुनी गाणी नव्हती. मर्फींपाशी कंपनी होती. टायसन यांच्यापाशी जुन्या गाण्यांची मिळकत होती, आणि श्रोते त्यांनी दहा वर्षे त्यांच्यात राहून मिळवले.

या यशाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. दक्षिण अल्बर्टाची ही कुरणे कॅनडा सरकारशी १८७७ मध्ये झालेल्या सातव्या करारापर्यंत मूळ रहिवासी ब्लॅकफूट, त्सूत्’इना आणि स्टोनी नाकोडा लोकांची मोकळी भूमी होती. बार यू सारख्या प्रचंड रँचेस तिथे १८८२ पासून उभ्या राहिल्या, आणि त्या वर्षी कळप घेऊन आलेल्यांत जॉन वेअर हा गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय काउबॉयही होता. काउबॉयचे प्रचलित चित्र या सगळ्यांना सहसा कडेला ठेवते, आणि वेस्टर्न संगीताचा मोठा भाग त्याच चित्रावर पोसला आहे. ‘घरी परतणे’ हा शब्द वापरताना ते घर कोणाकोणाचे होते हा प्रश्न उरतोच, आणि टायसन यांच्याविषयी मला कितीही प्रेम असले तरी तो मला टाळता येत नाही.

आवाज गेल्यावर

या प्रकरणातला सर्वांत कठीण भाग शेवटी येतो. २००५ मध्ये सीबीसी रेडिओच्या श्रोत्यांनी ‘फोर स्ट्राँग विंड्स’ हे कॅनडाचे सर्वश्रेष्ठ गाणे म्हणून निवडले. दुसऱ्याच वर्षी, ऑन्टारियोतल्या हॅव्हलॉक येथील खुल्या मैदानावरच्या महोत्सवात, बिघडलेल्या ध्वनिव्यवस्थेवर मात करण्यासाठी जोर लावून गाताना टायसन यांच्या स्वरयंत्राला इजा झाली आणि पाठोपाठ झालेल्या विषाणूसंसर्गाने उरलासुरला आवाजही ओरबाडून नेला. त्यांचा आवाज रुंद, गुळगुळीत, खालच्या पट्टीत भरदार होता. त्या जागी एक घोगरी, कुजबुजीसारखी रेघ राहिली. ते तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते.

टायसन यांनी बरे होण्याची वाट न पाहता उरलेल्या आवाजाला बसतील अशा चाली बांधल्या, काही ओळी बोलल्यासारख्या म्हटल्या आणि २००८ मध्ये याच आवाजात नवी ध्वनिमुद्रिका काढली. स्टोनी प्लेनने ती प्रसिद्ध केली. मोठ्या कंपनीच्या हिशेबात असा गायक बसला असता असे मला वाटत नाही. छोट्या कंपनीला मात्र आपला ग्राहक ठाऊक होता. लाँगव्ह्यूच्या परिसरातल्या किंवा एल्कोच्या मेळाव्यातल्या श्रोत्याला म्हातारपणी आवाज बसलेला माणूस नवा नव्हता. वारा, धूळ आणि गुरांवर ओरडण्यात घसे गेलेली माणसे त्याच्या घरात होती. त्याने हा आवाज स्वीकारला. अल्बर्टाचेच कॉर्ब लंड यांच्यासारखे पुढच्या पिढीचे गीतकार, ज्यांच्या २००५ च्या ध्वनिमुद्रिकेत टायसन गायले होते, त्यांना आपले गुरुस्थान मानत राहिले.

२०१५ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांची ‘कार्नेरो व्हाकेरो’ ही ध्वनिमुद्रिका आली. तीत विल जेम्स यांच्यावरचे त्यांचे जुने गाणे पुन्हा आहे. तिथेच ‘डार्सी फॅरो’ही आहे, जे त्यांनी आणि सिल्व्हिया यांनी १९६५ मध्ये एकत्र गायले होते. त्या जुन्या ध्वनिमुद्रणात दोन तरुण स्वर एकमेकांना धरून वर चढतात. नव्यात वर चढण्याची ताकद उरलेली नाही. जिथे स्वर उंच जायचा तिथे टायसन जरा थांबतात, खालून ओळ उचलतात आणि घोड्याच्या पावलाइतक्या सावकाश ती पुरी करतात. २९ डिसेंबर २०२२ रोजी लाँगव्ह्यूजवळच्या त्याच रँचवर त्यांचे निधन झाले.